घरातील म्युझिक सिस्टीम आणि आवाजाचा दर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मन लावून गाणे ऐकणाऱ्यांमध्ये जे वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत, त्यांतले बहुतेक प्रश्न या छंदात नव्याने येणाऱ्यालाही लवकरच पडतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जिथे मोजमाप उपलब्ध आहे तिथे आकडे दिले आहेत आणि जिथे प्रश्न आवडीनिवडीचा आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

आवाज सुधारायचा असेल, तर सर्वांत आधी कशाकडे लक्ष द्यावे?

स्पीकर, ते ठेवलेली खोली आणि आपण ऐकायला बसतो ती जागा, या तिन्हींकडे. रेकॉर्डिंगमधला आवाज आपल्या कानापर्यंत येईपर्यंत त्यात सर्वांत मोठे फेरफार याच टप्प्यावर होतात. चांगल्या बनावटीच्या अँप्लिफायरचा आवाज २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) २० किलोहर्ट्झपर्यंत फार तर काही दशांश डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक) वरखाली होतो. चांगल्या स्पीकरचा दोन-तीन डेसिबलने होतो. तोच स्पीकर साध्या खोलीत ठेवून बसण्याच्या जागी मोजला, तर २०० हर्ट्झच्या खाली १५ ते २० डेसिबलचे चढउतार सर्रास दिसतात. पैसा आणि वेळ कुठे घालायचा याचा क्रम या तीन आकड्यांवरूनच ठरवावा. छंदातील चर्चा मात्र बहुधा उलट्या क्रमाने चालते. वायर, डॅक (डिजिटल आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारे उपकरण) आणि फाइलचा प्रकार यांवर रात्र रात्र वाद होतो आणि ज्या कोपऱ्यात स्पीकर कोंबलेले आहेत तो कोपरा कोणी विचारातच घेत नाही, याची मनापासून खंत वाटते.

खोलीमुळे एवढा फरक का पडतो?

ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, १०० हर्ट्झच्या लहरीची ३.४ मीटर आणि २० हर्ट्झच्या लहरीची तब्बल १७ मीटर भरते. खालच्या स्वरांच्या लहरी अशा रीतीने खोलीच्या मापाच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्या मागेपुढे परावर्तित होतात आणि ठरावीक वारंवारतांना जागच्या जागी उभ्या राहतात. खोली ५ मीटर लांब असेल, तर लांबीच्या दिशेने पहिली अशी वारंवारता ३४ हर्ट्झच्या आसपास येते, पुढची ६९ आणि त्यापुढची १०३ हर्ट्झच्या आसपास. रुंदी आणि उंची यांचे आकडे वेगळे. अशा वारंवारतेला खोलीत काही जागी आवाज फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. ३४ हर्ट्झचा स्वर त्या खोलीच्या बरोबर मध्यावर ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसले की तोच दणदणतो.

हे कोणत्याही उपकरणाशिवाय पडताळता येते. फोनवर किंवा संगणकावर ध्वनिनिर्मितीचे साधे अॅप घेऊन ६९ हर्ट्झचा, किंवा आपल्या खोलीच्या मापाप्रमाणे येणारा, एकसारखा स्वर मध्यम पातळीवर लावावा आणि समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जावे. वाटेत दोन ठिकाणी स्वर एकदम दबतो आणि पाऊलभर पुढे गेल्यावर पुन्हा उसळतो. संगीतात हाच प्रकार डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या मींडेत स्पष्ट कळतो. वादकाने सारख्या जोराने खेचलेल्या मींडेतला एखादाच टप्पा खोलीत फुगतो आणि त्याच्या शेजारचा हरवतो. अँप्लिफायर बदलून या दोषात तसूभरही फरक पडत नाही.

साधारण ३०० हर्ट्झच्या वर उभ्या लहरींचे महत्त्व कमी होते आणि प्रतिध्वनी किती वेळ रेंगाळतो हे महत्त्वाचे ठरते. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या १८९५च्या सुमारास हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहात सुरू झालेल्या कामातून आली. घरातल्या बैठकीच्या खोलीत हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत असला, तर गायकाचे शब्द स्वच्छ कळतात. मोकळी फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत तो सहज सेकंदाच्या जवळ जातो.

स्पीकर नेमके कुठे आणि कसे ठेवावेत?

दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ही सुरुवात चांगली. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीला असावा. डाव्या आणि उजव्या स्पीकरपासून बाजूच्या भिंतींचे अंतर शक्य तितके सारखे असावे, नाहीतर मधोमध ऐकू यायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो.

स्पीकरच्या मागच्या भिंतीपासूनचे अंतर हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. स्पीकरमधून मागे गेलेला खालचा स्वर भिंतीवर आपटून परत येतो, आणि ते अंतर लहरीच्या एक चतुर्थांशाइतके असेल, तर परत आलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडून तिला खाऊन टाकते. वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग) भिंतीपासून ८६ सेंटिमीटरवर असेल, तर हा खड्डा १०० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे पुरुष गायकाच्या आवाजाचा तळ जिथे असतो नेमका तिथे. स्पीकर भिंतीला अगदी चिकटवला, तर खड्डा वर सरकून कमी त्रासदायक होतो, पण बास वाढतो. यावर सर्वांना लागू पडेल असे एकच अंतर नाही. एकदा दहा-दहा सेंटिमीटरने सरकवत ऐकावे आणि आवडलेल्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवावी. या कामाला एक सुटीचा दिवस द्यावा. एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा फरक या छंदात दुसरा कशानेही पडत नाही.

भिंतीला फोम लावून काम भागते का?

दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम फक्त वरचे स्वर शोषतो. ते शोषल्यावर खोली मंद आणि कोंदट वाटू लागते आणि बासची घुमणारी तक्रार तशीच राहते. खालपर्यंत उपयोग हवा असेल, तर १० सेंटिमीटर किंवा अधिक जाडीचे खनिज लोकरीचे पॅनेल भिंतीपासून थोडे सुटे लावावे लागते. जाड गालिचा, गादीचा सोफा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनीही मधल्या आणि वरच्या स्वरांचे बरेच काम होते.

इक्वलायझर वापरणे म्हणजे मूळ आवाजाशी छेडछाड नव्हे का?

खोलीने छेडछाड आधीच केलेली असते आणि इक्वलायझर (ठरावीक वारंवारतांची पातळी कमी-जास्त करणारी सोय) तिचा काही भाग परत फिरवतो. मोजमापाचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखा मोफत प्रोग्रॅम वापरून खोलीतील फुगवटे शोधावेत आणि तेवढेच खाली आणावेत. खड्डे मात्र भरायला जाऊ नये. १२ डेसिबलचा खड्डा भरायचा म्हटले, तर अँप्लिफायरकडून त्या वारंवारतेला १६ पट शक्ती मागावी लागते, आणि दोन लहरी एकमेकींना खाऊन टाकत असल्यामुळे खड्डा तरीही भरत नाही. खड्ड्यावर बसण्याची जागा किंवा स्पीकर हलवणे हाच उपाय आहे.

किती वॅटचा अँप्लिफायर घ्यावा?

वॅटचा आकडा एकटा वाचून काही कळत नाही, त्यासोबत स्पीकरची संवेदनक्षमता पाहावी लागते. समजा, स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. तीन मीटरवर मोकळ्या मैदानात यातून सुमारे साडेनऊ डेसिबल कमी होतील. खोलीत भिंती काही भाग परत देतात आणि स्पीकर दोन असतात, त्यामुळे बसण्याच्या जागी ८०च्या थोडे वरच आवाज राहतो. घरात निवांत ऐकण्याची सरासरी पातळी ७० ते ७५ डेसिबल असते, म्हणजे बहुतेक वेळ अँप्लिफायर एक वॅटही देत नसतो.

अडचण येते ती क्षणिक आघातांची. तबल्यावरची जोरकस थाप किंवा ऑर्केस्ट्रातला पितळी वाद्यांचा एकत्र उठाव सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाऊ शकतो आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. जो अँप्लिफायर ती क्षणभरही देऊ शकत नाही, तो लहरीचे माथे छाटतो आणि आवाज कर्कश होतो. म्हणून मध्यम खोलीत सर्वसाधारण स्पीकरसाठी ५० ते १०० वॅट पुरेसे धरावेत. ५०वरून १०० वॅटवर गेल्याने फक्त ३ डेसिबल मिळतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम स्पीकर घेतला, तर तेवढाच फायदा अँप्लिफायर न बदलता मिळतो.

सगळे अँप्लिफायर सारखेच वाजतात, हे खरे आहे का?

काही अटी पाळल्या, तर बहुतेक वेळा खरे आहे. दोन्हींची पातळी तंतोतंत समान केलेली असावी, कोणताही त्याच्या क्षमतेबाहेर चालवलेला नसावा, दोन्हींचा विकृतीचा अंश नगण्य असावा आणि आउटपुटचा अंतर्गत रोध स्पीकरच्या मानाने फार कमी असावा. या अटी पुऱ्या होत असतील, तर न पाहता ओळखण्याच्या चाचण्यांत ऐकणारे अडखळतात.

शेवटची अट व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अँप्लिफायरकडून अनेकदा पुरी होत नाही. त्यांचा आउटपुट रोध दोनेक ओहम असणे नवलाचे नाही. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर प्रत्यक्षात काही वारंवारतांना ४ ओहमपर्यंत उतरतो आणि काहींना ३० ओहमपर्यंत चढतो. अशा जोडीत त्या दोन ठिकाणच्या आवाजात सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो आणि तो सहज ऐकू येतो. व्हॉल्व्हचा ‘उबदार’ आवाज म्हणतात त्यात या फरकाचा मोठा वाटा आहे, आणि उरलेला बराचसा वाटा दुसऱ्या क्रमाच्या सुसंवादी विकृतीचा (मूळ स्वरात त्याच्या दुप्पट वारंवारतेचा स्वर मिसळण्याचा), जी कानाला गोड लागते. हा आवाज आवडत असेल, तर तो जरूर घ्यावा, कारण आवड ही खरीच असते. तो मूळ रेकॉर्डिंगच्या अधिक जवळ आहे, हा दावा मात्र टिकत नाही.

या बाबतीत १९८५ सालचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. अमेरिकन अभियंते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले की, त्यांच्या पसंतीच्या महागड्या अँप्लिफायरचा आवाज आपण आपल्या स्वस्त अँप्लिफायरमध्ये हुबेहूब उतरवून दाखवू. दोन्ही अँप्लिफायरना एकच संगीत द्यायचे, दोन्हींच्या आउटपुटमधला केवळ फरक वेगळा काढून ऐकायचा आणि तो फरक जवळपास शून्य होईपर्यंत स्वस्त अँप्लिफायरच्या सर्किटमध्ये बदल करत जायचे, अशी त्यांची पद्धत होती. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी ते साधले आणि शेवटी संपादकांना दोन्हींतला फरक सांगता आला नाही. अँप्लिफायरच्या ‘स्वभावा’ची कारणे मोजता येतात आणि मोजता येतात म्हणून घडवताही येतात, हे यातून दिसले.

महागड्या स्पीकर वायरने आवाज सुधारतो का?

वायर पुरेशी जाड असेल, तर त्यापुढे सुधारायला जागाच उरत नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर अंतरासाठी घेतली, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटरचा रोध सुमारे ०.०७ ओहम होतो. मघाच्याच ४ ते ३० ओहमच्या स्पीकरवर तिच्यामुळे पडणारा फरक ०.१३ डेसिबल, म्हणजे संगीतात ऐकू येण्याच्या मर्यादेखाली. त्याऐवजी ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली, तर हाच फरक ०.६ डेसिबलवर जातो आणि कानाला कळू शकतो. म्हणून अगदी बारीक वायर टाळावी, चांगल्या तांब्याची जाड वायर घ्यावी, टोके घट्ट आवळावीत आणि हा विषय तिथेच संपवावा. चांदीचा मुलामा, वायर जमिनीवरून उचलून धरणारे ठोकळे आणि वायरवरचे दिशा दाखवणारे बाण यांमुळे स्पीकरच्या टोकाशी पोहोचणाऱ्या विद्युतलहरीत ऐकू येईल असा काहीही बदल होत नाही.

आणि डिजिटल केबल?

ती आकडे वाहून नेते. आकडे बिनचूक पोहोचतात किंवा टिकटिक, खंड आणि शांतता ऐकू येते. वाद्यांचा ऐकू येणारा मंच थोडा रुंद आणि बास थोडा घट्ट असे काही तिच्यात घडत नाही. यूएसबीने जोडल्यावर स्पीकरमधून गुणगुण किंवा किरकिर येत असेल, तर ती संगणकाच्या वीजपुरवठ्याची आणि अर्थिंगची अडचण असते. ती खरी आहे आणि ऑप्टिकल जोडणीने किंवा आयसोलेटरने बहुधा सुटते.

हाय-रेझोल्यूशन फाइल सीडीपेक्षा चांगली ऐकू येते का?

सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ साली बाजारात आणलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असतात. हाय-रेझोल्यूशन फाइलीत नमुने किंवा बिट याहून जास्त असतात. सीडीतून २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. तरुण निरोगी कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती उतरत जाते. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास पार्श्वभूमीचा आवाज असतोच, तेव्हा ९६ डेसिबलचा संपूर्ण पल्ला ऐकायचा तर आघात १२६ डेसिबलवर, म्हणजे कानाला इजा करणाऱ्या पातळीवर न्यावे लागतील.

जाहिरातींत डिजिटल आवाजाची लहर पायऱ्यापायऱ्यांची काढून दाखवतात आणि जास्त नमुने घेतले की पायऱ्या बारीक होतात असे सांगतात. हे चित्र चुकीचे आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धतेनुसार, नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेखालचा संपूर्ण संकेत नमुन्यांवरून अचूक उभा करता येतो. डॅकमधून बाहेर पडते ती लहर गुळगुळीत असते आणि ऑसिलोस्कोपवर पाहिल्यास तशीच दिसते.

प्रयोगांविषयी म्हणाल, तर ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जातून काढलेला, यांतला फरक ओळखण्याचे ५५४ प्रयत्न झाले आणि २७६ बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यावर येतात तितके. ध्वनिसंशोधक जोशुआ राइस यांनी २०१६ साली १८ प्रयोगांतील १२ हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. दोन्ही बाजू या आकड्याचा आधार घेतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो पन्नासपेक्षा वेगळा आहे, हे मान्य करावे. पण इतक्या बारीक फरकावर कोणाची सिस्टीम अवलंबून ठेवू नये, असे आमचे ठाम मत आहे. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करताना २४ बिट वापरण्याला मात्र चांगले कारण आहे, कारण तिथे पातळी ठरवताना मोकळी जागा लागते.

एमपी३ आणि फ्लॅक यांत किती फरक आहे?

सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट घेतो. फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्मी करते. एमपी३ मात्र कानाला ऐकू येणार नाही असे गृहीत धरलेला भाग खरोखर काढून टाकते. १२८ किलोबिटला टाळ्यांचा कडकडाट किंवा झांजांचा झणत्कार पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू येतो आणि सराव नसलेल्यालाही तो ओळखता येतो. चांगल्या एन्कोडरने केलेली ३२० किलोबिटची फाइल मूळ आवाजापासून वेगळी ओळखणे फारच कमी जणांना जमते. संग्रह मात्र फ्लॅकमध्ये ठेवावा, कारण उद्या दुसऱ्या प्रकारात बदलावा लागला तर मूळ आवाज हाताशी राहतो.

एलपी रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा सरस असतो का?

तांत्रिक क्षमता पाहिली, तर नाही. १९४८ साली आलेल्या एलपीचा पल्ला ६० ते ७० डेसिबलच्या घरात असतो. डाव्या बाजूचा आवाज उजवीत आणि उजवीचा डावीत जेमतेम ३० डेसिबलने उतरून गळतो. खालचे स्वर दोन्ही बाजूंना बहुधा एकत्र करूनच कोरावे लागतात, नाहीतर सुई खाचेतून उसळते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरच्या वेगाने जाते, आतल्या कडेला तोच वेग २० सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे रेकॉर्डची बाजू संपत आली की ‘स’ आणि ‘श’ फाटू लागतात.

तरीही एखादी रेकॉर्ड सीडीपेक्षा खरोखर चांगली वाजते आणि ते ऐकणाऱ्याचा भ्रम नसतो. याचे कारण बहुधा मास्टरिंगमध्ये, म्हणजे छापण्यापूर्वी आवाजाला दिलेल्या अंतिम रूपात असते. नव्वदच्या दशकापासून सीडीवर आवाजाचा पल्ला दाबून सरासरी पातळी वर नेण्याची चढाओढ लागली आणि तेच गाणे रेकॉर्डसाठी वेगळ्या, मोकळ्या मास्टरमधून कोरले गेले असेल, तर कानाला ते अधिक जिवंत वाटणारच. अशा वेळी दोष सीडी या माध्यमाचा नसतो. १९८०च्या दशकात निघालेली त्याच गाण्याची जुनी सीडी मिळाली, तर ती लावून पाहावी. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० साली आर१२८ ही सरासरी पातळीची शिफारस आणली, पुढे स्ट्रीमिंग सेवांनीही गाण्यांच्या पातळ्या समान करायला सुरुवात केली, आणि आवाज दाबण्याचा व्यापारी फायदा बराच ओसरला. दाबून झालेले मास्टर मात्र तसेच राहिले आहेत.

निखळ अॅनालॉग साखळी कानाला ओळखू येते, या समजुतीची परीक्षा २०२२ साली अनपेक्षितपणे झाली. मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या अनेक रेकॉर्ड मूळ टेपवरून थेट कोरल्या आहेत, असा संग्राहकांचा समज होता. प्रत्यक्षात मधल्या टप्प्यावर डिजिटल प्रत वापरली जात होती, हे त्या वर्षी उघड झाले. तोवर त्याच रेकॉर्ड अॅनालॉग आवाजाचा आदर्श म्हणून वाखाणल्या जात होत्या. त्या चांगल्या होत्याच. त्यांच्या चांगलेपणाचे श्रेय मास्टरिंग करणाऱ्याच्या कौशल्याला जायला हवे.

रेकॉर्ड हातात घेणे, कव्हर वाचणे, एक बाजू उठून न जाता पूर्ण ऐकणे यांतला आनंद खरा आहे आणि त्यासाठी आकड्यांचा आधार शोधण्याची गरज नाही.

मला स्वतःच्या कानांनी फरक ऐकू येतो. मग चाचणीची गरज काय?

कारण ऐकण्याचे काम एकटे कान करत नाहीत. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीतील संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. पडद्याआड लहान, स्वस्त आणि प्लॅस्टिकच्या खोक्यातला स्पीकर मोठ्यांच्या बरोबरीने चालला. तोच दिसू लागताच त्याचे गुण कोसळले आणि मोठ्या, देखण्या स्पीकरचे चढले. पडद्याआड ऐकताना स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा फरक लोकांना कळत होता, पण स्पीकर दिसू लागल्यावर तो त्यांच्या गुणांतून जवळपास पुसला गेला. हे लोक ध्वनिव्यवसायातलेच होते. अशा प्रभावातून कोणीही सुटत नाही आणि यात कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नाही.

दुसरे कारण पातळीचे. दोन उपकरणांपैकी एक अर्ध्या डेसिबलने मोठे वाजत असेल, तर ते ‘मोठे’ न वाटता ‘अधिक स्वच्छ’ किंवा ‘अधिक भरीव’ वाटते. तुलनेतले कितीतरी निष्कर्ष एवढ्याच फरकावर उभे असतात.

घरी न पाहता तुलना कशी करावी?

आधी पातळी जुळवावी. एक किलोहर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही उपकरणांत ते एक टक्क्याच्या आत आणावे, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या खाली राहतो. मग मदतनीसाने नाणे उडवून दोहोंपैकी एक लावावे, ते टिपून ठेवावे आणि ऐकणाऱ्याच्या नजरेआड राहावे, कारण चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. दहा-पंधरा सेकंदांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा, कारण आवाजातल्या बारकाव्यांची स्मृती फार थोडा वेळ टिकते. १६ प्रयत्नांत १२ किंवा अधिक बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. फाइलींची तुलना करायची असेल, तर फूबार२००० या प्लेअरला जोडता येणारी एबीएक्स (न पाहता ओळखण्याच्या चाचणीची) सोय हे सगळे आपोआप करते.

चाचणीत फरक ओळखता आला नाही, तर त्या दिवशी, त्या तुकड्यावर, त्या कानांना तो आला नाही एवढेच सिद्ध होते. त्यापलीकडे जाऊन समोरच्याला खोटे ठरवण्यासाठी चाचणी वापरू नये. मात्र ‘रात्र आणि दिवसाइतका’ म्हणून सांगितलेला फरक डोळे झाकताच नाहीसा होत असेल, तर त्यासाठी मोठी रक्कम मोजण्यापूर्वी थांबावे. ‘स्टिरिओफाइल’चे संस्थापक जे. गॉर्डन होल्ट यांनी कानांनी परीक्षण करण्याची परंपरा सुरू केली, आणि त्यांनीच २००७ साली खंत व्यक्त केली की, अशा चाचण्या नाकारल्यामुळे या क्षेत्राने आपली विश्वासार्हता घालवली. या वादात त्यांचा शब्द आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो.

नवीन स्पीकर शंभर तास वाजवल्याशिवाय खुलत नाही, असे म्हणतात. ते खरे का?

वूफरची कड आणि स्पायडर (शंकू मधोमध धरून ठेवणारी लवचिक चकती) सुरुवातीच्या वापरात थोडे सैल होतात आणि ते मोजता येते, पण हा बदल लहान असतो आणि बराचसा पहिल्या काही तासांतच होऊन जातो. पुढच्या आठवड्यांत जे ‘खुलते’ ते मुख्यतः आपल्या कानांचे सरावणे असते. वायर आणि डॅक यांना तर सैल होण्यासारखा भागच नसतो. आवाज पहिल्या दिवसापासून खटकत असेल, तर परत करण्याची मुदत संपेपर्यंत वाट पाहू नये.

हेडफोनने खोलीचा प्रश्न सुटतो ना?

खोलीचा सुटतो, पण त्याच्या जागी कानाच्या आकाराचा प्रश्न येतो. तोच हेडफोन दोघांच्या कानांवर वेगळा बसतो, आणि चष्म्याच्या दांडीमुळे गादीला फट राहिली की बास गळतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२नंतर अनेक चाचण्यांतून बहुसंख्य लोकांना आवडणारा हेडफोनचा आलेख ठरवला. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा ऐकू येतो, त्याच्याशी तो बराच जुळतो. त्या चाचण्यांत किंमत आणि पसंती यांचा फारसा संबंध आढळला नाही.

किती मोठ्याने ऐकणे सुरक्षित आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजत राहिली किंवा आवाज कापसातून आल्यासारखा वाटला, तर पातळी जास्त झाली होती. कानाच्या आतल्या, ध्वनी टिपणाऱ्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत.

जुनी सिस्टीम दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ते साफ होते. स्पीकरच्या कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतो आणि बोट लावताच भुगा होतो. नवी कड चिकटवली की तोच वूफर पुन्हा नीट चालतो, म्हणून त्यासाठी स्पीकर टाकून देऊ नये. अँप्लिफायरमधून सतत १०० किंवा १२० हर्ट्झची गुणगुण येत असेल, तर वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते बदलणे अनुभवी तंत्रज्ञावर सोपवावे, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. आउटपुट ट्रान्झिस्टर जळून स्पीकरकडे थेट डीसी विद्युतदाब जात असेल, तर स्पीकर ताबडतोब सोडवून ठेवावेत आणि दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय ती सिस्टीम पुन्हा चालू करू नये.